मायला दिलेला खडा

१४ जून
पाण्याची तिसरी बाटली संपवून भास्कर उठला आणि सोनोग्राफीच्या काउंटरवरच्या बाईला म्हणाला, आता नाही थांबवत. तिने मान वर न करता सांगितलं, अजून दोघं आहेत तुमच्या आधी. तो भिंतीला टेकून, पाय आवळून उभा राहिला. मी हसले. तोही हसला. आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. "एवढं पाणी एकदम घरातसुद्धा बघितलेलं नाही," म्हणाला.

मुतखडा असणार हे आमचं आम्हीच ठरवलं होतं. त्याच्या गावाकडे सगळ्यांनाच होतो. लघवी लाल झाली तर चार दिवस बीटवर ढकललं. बीट आमच्या घरात महिनाभर आलेलं नाही.

आत डॉक्टरांनी मशीन उजव्या कुशीवर टेकवलं आणि तिथून हलवेनात. आधी कंपनीबद्दल विचारत होते, शेंद्र्याला कुठल्या शिफ्टला असता वगैरे. मग स्क्रीन आपल्याकडे वळवली.
खडा मोठा आहे का, भास्करने विचारलं.
"खडा नाहीये."
मग त्यांनी मला खुर्ची दिली. इतका वेळ मी उभीच होते, तेव्हा कुणी…

संध्याकाळी गावाहून दादांचा फोन. थोरले दीर. माय त्यांच्याकडेच असते, शेजारी बसलेली असणार, तिचा खोकला ऐकू येत होता. खडाच निघाला ना, दादांनी विचारलं. भास्करने माझ्याकडे पाहिलं.
"व्हय," म्हणाला. "मोठा हाय. काढावा लागन."
गावाशी बोलताना त्याची भाषा बदलते. आज चेहराही.

१५ जून
दादांना खडा का सांगितलास, म्हणून विचारलं. भा. पंख्याचं रेग्युलेटर उघडून बसला होता. पंखा चांगला चालू आहे.
म्हणाला, गावात तो शब्द गेला की लोक भेटायला येतील. दारात चपला काढताना तोंड पाडतील. मी जिवंत असताना माझ्या तेराव्याचा चहा तुला करावा लागेल.
आणि माय?
माय जेवायची नाही, म्हणाला. स्क्रू तोंडात धरलेला, त्यामुळे पुढचं नीट कळलं नाही. पुन्हा विचारलं नाही.

१९ जून
सी.टी. झालं. उजवी किडनी पूर्ण काढायची. डॉक्टर तरुण आहेत, कागदावर चित्र काढून सांगतात. एका किडनीवर माणूस आयुष्य काढतो, म्हणाले. भा. ते चित्र उलटंसुलटं करून बघत होता. नंतर गाडीवर मागे वळून मला म्हणाला, त्यांची रेघ स्वच्छ आहे, ड्रॉइंग येतं त्यांना.
याच्यावर त्याचा विश्वास बसला. मला चालेल.

मुक्ता पुण्याहून येते म्हणाली. आजीला खोटं का सांगितलं म्हणून फोनवर रागावली. मी म्हटलं, बाबाला विचार. तिने नाही विचारलं.

२५ जून
मायने दादांकडून हुलग्याच्या काढ्याची बाटली एसटीने पाठवली. कंडक्टरच्या हाती. भा. स्टँडवर जाऊन घेऊन आला आणि संध्याकाळी अर्धा पेला प्यायलाही.
मी म्हटलं, याने काय होणार आहे.
म्हणाला, खडा विरघळतो.

२ जुलै
दुपारी भरती. खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसते, तिच्यावर कुणीतरी पापड वाळत घातलेत. आभाळ भरून आलेलं. आम्ही दोघंही ते कुणी उचलतं का ते बघत राहिलो. शेवटी एक बाई धावत आली. भा. म्हणाला, झालं, वाचले.
नर्स कागदांवर सह्या घेऊन गेली. मी ते वाचले नाहीत. आयुष्यभर वर्गात मुलांना सांगत आले, वाचल्याशिवाय सही करू नका.

३ जुलै
सकाळी नेला. स्ट्रेचरवरून मला म्हणाला, जारवाल्याला फोन कर, उद्याचं पाणी बंद नको करू म्हणावं, मुक्ता आहे घरी.

अकराच्या सुमारास दार उघडून एकाने विचारलं, नातेवाईक कोण. मी पुढे झाले. त्याच्या हातात स्टीलचा ट्रे, वर हिरवं कापड. कापड बाजूला केलं. बघून घ्या म्हणाला. नातेवाइकांना दाखवायची पद्धत आहे.
किडनी मुठीएवढी असते असं वाचलं होतं. ही मुठीएवढी नव्हती.
बघितलं, म्हटलं.

मग ती एका पांढऱ्या प्लास्टिकच्या बरणीत घालून दिली, औषधी पाण्यात. वर नाव, वय, उजवी. लॅब शहराच्या दुसऱ्या टोकाला, बरणी नातेवाइकांनीच पोचवायची. मुक्ता दारापाशी थांबली, मी निघाले. बरणी कापडी पिशवीत. पिशवी साड्यांच्या दुकानातली.
शहागंजला रिक्षा अडकली. समोर फळांच्या गाड्या, मागून हॉर्न. मी पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली. रिक्षावाले म्हातारेसे, आरशातून बघत होते.
"अचार है क्या बाजी?"
हो म्हटलं.
"आम का?"
पुन्हा हो.
"घर का डाला हुआ?"
घर का, म्हटलं.
"संभालके पकडो. तेल गिरा तो पिशवी जाती." मग लॅब येईपर्यंत आपल्या आईच्या लोणच्याबद्दल सांगत राहिले. ती गेल्यापासून घरात तशी चव नाही म्हणाले.
उतरताना त्यांनी पिशवी धरायला हात पुढे केला. मी दिली नाही.

संध्याकाळी भा. शुद्धीवर. ओठ कोरडे. पाणी द्यायचं नाही, कापूस ओला करून लावायचा. जारवाल्याला केला का, विचारलं. केला, म्हटलं. नव्हता केला.

५ जुलै
उभं केलं. एका हाताने नळीची बाटली धरलेली, दुसरा माझ्या खांद्यावर. दारापर्यंत आणि परत. घामाने भिजला. त्याचं वजन पहिल्यांदाच एवढं माझ्यावर आलं. मला पेललं, याचंच आश्चर्य.

९ जुलै
घरी. जखम पाठीपासून पोटापर्यंत. झोपताना एकाच कुशीवर. मीठ कमी. दुखलं तरी मनाने गोळी घ्यायची नाही, उरलेल्या एका किडनीवर भार येतो. पाणी मोजून नाही, पण भरपूर. भा. बाटलीवर मार्करने रेघा मारतो, दुपारपर्यंत इथपर्यंत, संध्याकाळपर्यंत इथपर्यंत. रेघा अगदी सारख्या अंतरावर.

१४ जुलै
रिपोर्ट. कॅन्सरच. गाठ पूर्ण निघाली आहे, कडा स्वच्छ आहेत. पण ती शिरेच्या तोंडापर्यंत पोचली होती. डॉक्टर म्हणाले, आता औषध नको, पण नजर ठेवायची. दर काही महिन्यांनी स्कॅन.
भा.ने विचारलं, पुन्हा आलं तर कुठे येतं?
"फुफ्फुसात बहुतेक. आधी फुफ्फुसात."
धन्यवाद म्हणाला. यंत्राचा कुठला भाग आधी झिजतो ते विचारल्यासारखं.
मुक्ता रात्रीच्या गाडीने पुण्याला गेली. जाताना त्याला जवळ घ्यायला वाकली आणि जखम आठवून थांबली. नुसता हात हातात धरला.

२० जुलै
मायचा फोन. स्वतः बोलली, एरवी दादाच बोलतात.
"खडा ठुलाय ना रे? मी येऊ लागले बघाया."
तिकडे ज्याचा खडा निघतो तो डबीत जपून ठेवतो. पाव्हणे आले की चहाबरोबर डबीही फिरते. शेजारच्या नानांचा हरभऱ्याएवढा आहे, देव्हाऱ्यात असतो. मी लग्न होऊन गेले तेव्हा मलाही दाखवला होता. हे आम्हा दोघांनाही आठवायला हवं होतं. खोटं बोललो तेव्हा पुढचं काहीच आठवलं नाही.
ठुलाय, भा. म्हणाला.

२२ जुलै
बाजूच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे. तिथून चार खडे उचलून आणले. भा.ने एकेक उजेडात धरून नाकारला. हे काळे दगड आहेत, म्हणाला, माझ्या पोटात काय दौलताबादचा डोंगर होता?
शेवटी तुळशीच्या कुंडीतल्या मातीत चुनखडीचा एक तुकडा सापडला. त्याने टूलबॉक्स मागवला. उशीला टेकून, मांडीवर वर्तमानपत्र पसरून बसला. कानस, मग पॉलिश पेपर, मग सुईच्या टोकाने बारीक भोकं. चहाच्या पाण्यात बुडवून रंग आणला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हातात अवजार. दुपारभर ओठ पुढे काढून काम करत होता, तसाच, जसा आमच्या पहिल्या घरात मिक्सर दुरुस्त करताना…

व्हर्नियर लावून मोजला. बोराच्या बीपेक्षा थोडा लहान. "पास," म्हणाला.
दोघंही हसलो. त्याला हसताना टाके ओढतात, म्हणून उशी पोटाशी दाबून धरून हसला.
होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत ठेवला. मला तो खरा वाटायला लागला होता.

२७ जुलै
दादा मायला घेऊन आले. ती अनवाणी. पावसात चप्पल एसटीत राहिली असेल असं वाटलं. पाय धुवायला गरम पाणी दिलं. टाचा फुटलेल्या, चिखल भेगांत गेलेला.
माय घरी असेपर्यंत मी भा.ला अहो म्हणते. त्याची त्याला मजा वाटते. मुद्दाम चारदा हाक मारायला लावली.

मायने त्याचा सदरा वर करून जखम बघितली. बोट लांबून फिरवलं, टेकवलं नाही.
"येवढुशा खड्यासाठी येवढं चिरलं?"
"लई आत व्हता," भा. म्हणाला.
"बघू."
मी बाटली आणली. तिने खडा तळहातावर घेतला, खिडकीपाशी गेली. बराच वेळ. दादा म्हणाले, नानाच्यापेक्षा बारीक हाय. माय म्हणाली, बारीकच लई छळतं. मग पदराच्या टोकाला बांधला. घट्ट गाठ मारली.
मी काहीतरी बोलणार होते. भा.ने मान हलवली.
संध्याकाळी गेली. खडा घेऊन.

६ ऑगस्ट
दादांचा फोन. मायने नवस फेडला. मला नवसाचं माहीतच नव्हतं, भा.लाही नाही.
शेताच्या बांधावर म्हसोबा आहे, शेंदूर लावलेला दगड. जूनमध्ये खडा असल्याचं आम्ही सांगितलं त्याच संध्याकाळी ती तिथे जाऊन बोलली होती, पोराच्या पोटातला खडा सुखरूप निघू दे, तो आणून तुझ्या पायाशी ठेवीन, तोवर पायात चप्पल घालणार नाही. आता नारळ फोडला, नैवेद्य दाखवला, खडा म्हसोबापाशी ठेवला. चप्पल घातली.
दादा आनंदात होते. भा. व्हय व्हय म्हणत राहिला.
फोन ठेवल्यावर मी तिच्या टाचांच्या भेगांबद्दल सांगितलं. त्यानेही बघितल्या होत्या. त्यालाही वाटलं होतं, चप्पल एसटीत राहिली.

१ सप्टेंबर
भा. कामावर. हलकं काम, उचलायचं काही नाही. डब्यात बिनमिठाची भाजी बघून लोक चिडवतात, वहिनींशी भांडण झालं का. कंपनीतही खडाच सांगितलाय. दोघातिघांनी आपापल्या खड्याच्या गोष्टी सांगितल्या. त्यालाही सांगावी लागली. रंगवून सांगितली म्हणाला.
बी.पी. ठीक. क्रिएटिनिन जरा वर, पण एका किडनीला चालतं.

२१ सप्टेंबर
नळाला पाणी आलं. ड्रम भरताना भा. बादली उचलायला गेला, मी ओरडले. तो थांबला आणि बाजूच्या पायरीवर जाऊन बसला. मी सगळं पाणी भरलं. त्याने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. नंतर बाटली भरून रेघेपर्यंत पाणी प्यायला, औषध घेतल्यासारखं.

८ नोव्हेंबर
दिवाळीमुळे पुढे गेलेलं स्कॅन. डाव्या फुफ्फुसात दोन बारीक ठिपके.
डॉक्टर म्हणतात, एवढ्याशावर काही बोलता येत नाही. जुन्या संसर्गाचे डागही असू शकतात. इतक्या लहान ठिपक्यात सुई घालता येत नाही. जानेवारीत पुन्हा स्कॅन, मोठे झाले तर गोळ्या सुरू करू. आता गोळ्या चांगल्या आहेत, म्हणाले.
जानेवारीपर्यंत काय करायचं, मी विचारलं.
"नेहमीसारखं राहा."
वर्गात मी या शब्दावर तासभर बोलू शकले असते.

९ नोव्हेंबर
 संध्याकाळी भा. म्हणाला, मायने तो खडा देवाला दिला.
मग?
काही नाही, म्हणाला.

१३ नोव्हेंबर
पुन्हा तेच. या वेळी पूर्ण बोलला. जेवताना, ताटाकडे बघत.
"तिनं एकदाच मागितलं आणि मिळालं म्हणून फेडूनही टाकलं. मी केलेल्या खड्यावर. आता माझ्यासाठी मागणारं कुणी नाही."
मी म्हटलं, तू मानत नाहीस.
"मी नाही. ती मानते ना."
मी आहे की, असं म्हणायचं होतं. मागण्याच्या कामात मी उपयोगाची नाही, हे त्याला माहीत आहे. भाजी वाढली.

१८ नोव्हेंबर
मुक्ता म्हणते, आता तरी आजीला सांगा. भा. म्हणतो, सांगितलं तर ती धसका घेईल. नाही सांगितलं आणि जानेवारीत वाईट निघालं, तर तिला सगळं एकदमच कळेल, आणि ती म्हणेल की मला वेळच दिला नाही.
कशाला वेळ, मुक्ताने विचारलं.
तो म्हणाला, तुला नाही कळणार.
मला कळलं. आनंद झाला नाही.

२८ नोव्हेंबर
उद्या गावी जायचं. भा.ने ठरवलं. सकाळची सोयगावची एसटी. मी रजा टाकली. कारण: घरगुती.

२९ नोव्हेंबर
 घाटात भा. खिडकीकडे तोंड करून बसला. सपाटीला आल्यावर दोन्ही बाजूंना कापूस, वेचणी चालू. बायका रांगेत वाकलेल्या.

माय ओट्यावर होती. पायात चप्पल, नवी, निळ्या पट्ट्यांची. दादांनी घेऊन दिलीय. दाखवली आम्हाला. भा. म्हणाला, छान हाय. मला वाटलं, आता तो सांगणार नाही.

जेवण झाल्यावर म्हणाला, म्हसोबाला जाऊन येऊ. मायला एवढा आनंद झाला. आजवर हा कधी पाया पडायला गेला नाही. मला म्हणाली, "सुनंदा, खड्यानं सुधारला गं."
मीही गेले, पण विहिरीपाशी थांबले. त्यानेच थांब म्हटलं. तिथून बांध दिसतो, बोलणं ऐकू येत नाही.
म्हसोबापाशी दोघं बसली. मायने खडा दाखवला असावा, बोट करून. शेंदूर लावलेला असणार, तिथल्या इतर बारीक दगडांसारखाच. भा. बोलत होता. त्याचे हात दिसत होते, एकावर एक घासणारे. कानशीचं सांगत असावा.
मायने कमरेच्या बटव्याची दोरी ओढली होती, पान खायला. हात तिथेच राहिला. तो पाठीवर हात नेऊन काहीतरी दाखवत होता, मग छातीवर, डाव्या बाजूला.
 विहिरीवरचा पंप सुरू झाला, पाणी पाटाला आलं, माझ्या पायापर्यंत आलं. मी सरकले नाही.

परत येताना माय पुढे, एकटी. माझ्यापाशी आली तेव्हा थांबली.
"तूबी व्हतीस का यात?"
"हो," म्हटलं.
"बाटली तूच आणली व्हती."
हो.
पुढे गेली.

घरी माय थेट चुलीपाशी गेली. दादांना अजून माहीत नाही, ते दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले. काय झालं, भांडण झालं का, विचारलं. मायने भाकरी केल्या. सगळ्यांना वाढलं. भा.च्या ताटात मीठ वाढलं नाही. हे तिला त्याने कधी सांगितलं, की तिनेच…
स्वतः जेवली नाही. भा.ने दोनदा माय म्हटलं. तिने ओ दिली नाही. पाण्याचा तांब्या तेवढा त्याच्या उशाशी आणून ठेवला, काठोकाठ.

तो भिंतीकडे तोंड करून पडलाय. झोपलेला नाही. मी लिहितेय म्हणून दिवा ठेवलाय.
सांगायला नको होतं का, त्याने विचारलं.
पाणी पी, म्हटलं.

३० नोव्हेंबर
सकाळी माय घरात नव्हती. चहा झाला तेव्हा शेतातून आली. माझा हात ओढून घेतला आणि तळहातावर खडा ठेवला. शेंदूर धुतलेला, भोकांत थोडा राहिलेला. "ह्यो तुमचा तुमी ठुवा," म्हणाली. भा.च्या डोक्यावरून हात फिरवला, एकदाच, आणि पुढच्या तपासणीची तारीख विचारून घेतली.
फाट्यापर्यंत पोचवायला आली. वाट खडीची आहे. ती आमच्या पुढे चालत होती, अनवाणी. निळ्या पट्ट्यांची चप्पल घरी, उंबऱ्याच्या आत, भिंतीला उभी करून ठेवलेली.
एसटी वेळेवर आली. बसायला जागा मिळाली.